जठराची जुनी सूज

जबलपूरच्या चेरीताल भागातही ‘गॅस झालाय’ म्हणत कुणी ओवा चावतं, कुणी वर्षानुवर्षं उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेतं. अशा काहींच्या जठराच्या अस्तराला खरं तर कायमची सूज असते. दोष बिचाऱ्या मिरचीला देतात. प्रमुख कारण मात्र हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. तो बहुधा लहानपणीच पोटात शिरतो आणि अनेकदा काहीच त्रास देत नाही. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जिवाणू स्वतः प्यायले. काही दिवसांतच त्यांच्या जठराला सूज आली. त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना या जिवाणूच्या शोधासाठी २००५ चं नोबेल मिळालं.

गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्याही अस्तर सोलतात. सूज मुरली तर अस्तर झिजू शकतं, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं, अल्सर होऊ शकतो, कर्करोगाचा धोकाही वाढतो.

श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत जिवाणू सापडतो. प्रतिजैविकांचा कोर्स साधारण १४ दिवसांचा. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. काळं शौच, रक्ताची उलटी, विनाकारण घटणारं वजन यांपैकी काही दिसलं, तर घरगुती उपाय थांबवून लगेच डॉक्टर गाठा.