हिवताप ओसरल्यानंतरची दक्षता

एखाद्या प्रदेशातील हिवतापाचे रुग्ण बोटांवर मोजण्याइतके उरले, म्हणजे कार्य संपले असा समज होतो. वस्तुतः निर्मूलनाचा अवघड टप्पा तेव्हाच सुरू होतो. या दृष्टीने श्रीलंकेचा अनुभव बोधप्रद आहे.

त्या बेटाच्या कोरड्या विभागातील सुपीक जमिनी हिवतापामुळे ओस पडल्या होत्या. १९३४-३५ मध्ये अवर्षणाने नद्या आटल्या, पात्रांत डबकी साचली आणि त्यांत अ‍ॅनोफिलिस डासांची पैदास झाली. त्या साथीत सुमारे ८०,००० माणसे दगावली. १९४६ पासून डी.डी.टी.ची फवारणी झाली आणि १९६३ साली देशभरात अवघे १७ रुग्ण आढळले. पुढे फवारणी थांबली, रक्ततपासणी सैलावली. १९६९ साली पाच लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. डी.डी.टी.ला दाद न देणारे डासही आढळू लागले. भारतातही १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या एक लाखापर्यंत उतरली होती. १९७६ साली ती ६४ लाखांवर गेली.

असे का होते? हिवतापाच्या एका प्रकारचे जंतू यकृतात दडून राहतात व काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. काहींच्या रक्तात जंतू असूनही ताप येत नाही. पण त्यांच्यापासून रोग पसरतो. कामासाठी परगावी गेलेली माणसेही तो सोबत आणतात. डास शिल्लक असतील, तर असा एक रुग्णही पुरेसा होतो.

श्रीलंकेने पुन्हा कंबर कसली. प्रत्येक रुग्णाचा माग काढला. त्याच्या घरच्यांचे व शेजाऱ्यांचे रक्त तपासले. स्थानिक लागणीचा अखेरचा रुग्ण २०१२ साली आढळला आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने देश हिवतापमुक्त ठरविला. बाहेरून येणाऱ्या रुग्णांवरील नजर मात्र त्यानंतरही हटलेली नाही.

गडचिरोलीसारख्या जंगलपट्टीत काम करणाऱ्यांनी यावरून पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात :

१. ताप येताच रक्त तपासून घ्यावे. बाहेरगावाहून परतलेल्यांची विचारपूस करावी.
२. ताप उतरला तरी औषधाचा क्रम अर्धवट सोडू नये.
३. फवारलेल्या भिंती लगेच सारवू नयेत. सारवल्याने औषध झाकले जाते.
४. पाटाची गळती बुजवावी, डबक्यांचे पाणी वाहते करावे.
५. शेतावर मुक्कामास जाताना मच्छरदाणी सोबत न्यावी.

गावात रुग्ण नाही, एवढ्यावरून तपासणी थांबवू नये. तपासणी चालू ठेवली, तरच गाव रोगमुक्त राहील.