सामुदायिक तक्रार आणि उरलेले पैसे: ऐकीव काय, खरं काय

पौड रस्त्यावरच्या घोटावडे फाट्याहून आत वळलं की गाव लागतं आणि पुढे तोच रस्ता हिंजवडीच्या बाजूला निघतो. मुळशीच्या या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत शेतांच्या कडेला गृहप्रकल्पांचे फलक उभे राहिले. अशा ठिकाणी एखाद्या इमारतीचा ताबा रखडला की खरेदीदार एकत्र येतात, व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, वर्गणीची भाषा सुरू होते. मग कुणीतरी म्हणतंच, ‘जिंकलो तरी मलिदा वकिलालाच, आणि उरलेले पैसे बिल्डर परत घेऊन जाणार.’ या एका वाक्यापायी अनेक चांगल्या तक्रारी जागच्या जागी बसतात, म्हणून ते नीट तपासायला हवं.

‘वकील टक्केवारी कापून घेतो.’

ही समजूत बरीचशी अमेरिकेतून आलेली आहे. तिथे सामुदायिक दाव्यात वकिलाला मिळालेल्या रकमेतून वाटा मिळतो आणि त्याचे विचित्र परिणामही दिसतात. गूगलविरुद्धच्या एका दाव्यात ८५ लाख डॉलरवर तडजोड झाली. बाधित लोक सुमारे १२ कोटी ९० लाख. माणशी सात सेंटही येत नव्हते, म्हणून लोकांना काहीच न वाटता रक्कम सहा संस्थांना द्यायचं ठरलं आणि वकिलांना वीस लाख डॉलरहून अधिक. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने २०१९ मध्ये मूळ प्रश्न न सोडवताच ते खाली परत पाठवलं.

आपल्याकडे हे चालत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या भरपाईत वाटाही मागता येत नाही. अपघातात पती गमावलेल्या एका महिलेकडून वकिलाने भरपाईवर टक्केवारीने फी मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशी मागणी सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचं स्पष्ट केलं. तेव्हा ‘निकाल लागला की वीस टक्के द्या’ असं कोणी वकील सांगत असेल, तर तो नियम मोडतो आहे. फी आधी ठरवावी, लेखी ठरवावी आणि वर्गणीची पावती प्रत्येकाला द्यावी. ग्राहक आयोगापुढे स्वतः उभं राहून बाजू मांडण्याचीही मुभा आहे.

मात्र इथे एक फट आहे. वकील नसलेल्या तिसऱ्या माणसाने दाव्याचा खर्च उचलून वाटा घ्यायला बंदी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नोंदवलं आहे. असा कोणी ‘मदतीला’ आला, तर त्याचा करार ओळीन् ओळ वाचा.

‘एकाने केस केली की सगळ्यांचं भागतं.’

आपोआप नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ३५ नुसार समान हितसंबंध असलेल्या सर्वांच्या वतीने काही जणांना तक्रार करता येते, पण आयोगाची परवानगी लागते. बंगळूरच्या एका प्रकल्पात १,१३४ सदनिका होत्या. ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी सर्वांच्या वतीने दाद मागितली. सगळ्यांचं हित एकच कसं, हे त्यांच्या तक्रारीत पुरेसं मांडलेलं नव्हतं. म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती त्या ९१ जणांपुरतीच संयुक्त तक्रार मानली.

परवानगी मिळाली की इतरांना नोटीस जाते आणि त्यांना सामील होता येतं. निकाल मात्र सगळ्यांवर बंधनकारक. म्हणूनच अशा तक्रारींनाही लागू होणारी एक मोलाची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे: अशा दाव्यात परस्पर तडजोड करता येत नाही, आधी सर्व संबंधितांना नोटीस द्यावी लागते. पुढारपण करणाऱ्या चौघांनी बंद खोलीत बिल्डरशी जमवून घ्यायला तिथे आडकाठी बसते. माझ्या मते सभासदांना सर्वांत आधी समजावून सांगायची तरतूद हीच.

‘उरलेली रक्कम कंपनीचीच.’

नुकसान झालेले ग्राहक पुष्कळ असतील आणि त्यांना शोधणं सोपं नसेल, तर आयोग कंपनीला ठोक रक्कम भरायला लावू शकतो. जुन्या कायद्यात तिची किमान मर्यादा विकलेल्या सदोष मालाच्या किंवा सेवेच्या मूल्याच्या ५ टक्के होती, आता २५ टक्के आहे. असा पैसा ग्राहक कल्याण निधीत जाण्याची वाट आहे. जीएसटीतल्या नफेखोरीविरोधी नियमांतही (एप्रिल २०२५ पासून त्यांखाली नव्या तक्रारी घेतल्या जात नाहीत) तेच होतं: ग्राहक सापडला नाही तर निम्मी रक्कम केंद्राच्या आणि निम्मी राज्याच्या ग्राहक कल्याण निधीत.

सर्वांत मोठा दाखला भोपाळ वायुदुर्घटनेचा. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. वाटप रेंगाळलं, व्याज चढत गेलं, रुपया घसरला आणि रिझर्व्ह बँकेत मोठी शिल्लक राहिली. ती सरकारजमा झाली नाही, कंपनीलाही परत गेली नाही. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पीडितांनाच प्रमाणशीर वाटायला लावली. त्यानंतरही उरलेले ५० कोटी रुपये प्रलंबित दाव्यांसाठी वापरा, असा आदेश मार्च २०२३ मध्ये झाला. मूळ भरपाईच तुटपुंजी होती हा पीडितांचा आक्रोश मात्र तसाच आहे आणि शिलकीच्या हिशेबाने तो मिटत नाही.

‘आयोग स्वतःहून सगळं देईल.’

शेव्हरोले फॉरेस्टर ही गाडी एसयूव्ही म्हणून विकली गेली, पण तिच्या पुस्तिकेत ती खडबडीत रस्त्यांसाठी नसल्याचं लिहिलं होतं. एका ग्राहकाच्या तक्रारीवर राष्ट्रीय आयोगाने इतर खरेदीदारांचाही विचार करून २५ लाखांची दंडात्मक भरपाई ठोठावली. त्यातले ५ लाख तक्रारदाराला आणि २० लाख ग्राहक कल्याण निधीला. ऑक्टोबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम रद्द केली, कारण तक्रारीत तशी मागणीच नव्हती आणि कंपनीला त्यावर उत्तर द्यायची संधी मिळाली नव्हती.

म्हणून फ्लॅटधारकांनी मसुदा करतानाच मागणीच्या कलमात तीन गोष्टी घालाव्यात: प्रत्येक सदनिकेची रक्कम, वारस, पत्ता बदललेले किंवा घर विकून गेलेले यांचा शोध कसा घ्यायचा, आणि ठरावीक मुदतीत कोणी आलंच नाही, तर तो पैसा उरलेल्या खरेदीदारांत वाटायचा की निधीत भरायचा.