गोवर : पुरळ दिसण्याआधीच पसरणारा आजार

“गोवर प्रत्येक मुलाला एकदा येतोच, तो आपोआप निघून जातो,” असा समज अनेक घरांत आजही आहे. त्यामुळे पुरळ उठले तरी मुलाला दवाखान्यात नेले जात नाही आणि आरोग्य सेविकेलाही कळवले जात नाही. परंतु गोवरामुळे न्यूमोनिया, तीव्र अतिसार, मेंदूला सूज आणि अंधत्वही येऊ शकते. कुपोषित बालकाचा त्यात मृत्यूही ओढवू शकतो. म्हणूनच हा आजार कसा वाढतो, कसा पसरतो व त्याचा माग कसा घेतला जातो, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे आवश्यक आहे.

शरीरात कसा वाढतो?
गोवराचा विषाणू श्वासावाटे शरीरात शिरतो. पहिले सुमारे १० दिवस कोणतेही लक्षण दिसत नाही. त्यानंतर तीव्र ताप, खोकला, नाक वाहणे व डोळे लाल होणे सुरू होते. आणखी तीन-चार दिवसांनी कानांमागे व चेहऱ्यावर लालसर पुरळ उठते आणि ते खाली अंगभर पसरते. पुरळ मावळल्यानंतरही मुलाची रोगप्रतिकारशक्ती दुर्बल राहते व इतर आजार त्याला सहज गाठतात.

कसा पसरतो?
रुग्णाच्या खोकण्या-शिंकण्यातून विषाणू हवेत मिसळतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यानंतरही तो तेथील हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासून ४ दिवस नंतरपर्यंत रुग्ण इतरांना बाधित करू शकतो. म्हणजेच आपण ज्याला साधी सर्दी समजतो, त्याच काळात संसर्ग पसरत असतो. संरक्षण नसलेल्या समूहात एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना गोवर होऊ शकतो. ही साखळी तोडण्यासाठी १०० पैकी किमान ९५ जण संरक्षित असावे लागतात. नऊ महिन्यांखालील बालकांना नियमित लस दिली जात नाही. त्यांचे संरक्षण भोवतालच्या लसवंत मुलांवरच अवलंबून असते.

माग कसा घेतला जातो?
ताप व पुरळ असलेला प्रत्येक रुग्ण संशयित मानून त्याची नोंद केली जाते. रक्ताच्या नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी होते. पुरळ उठल्याच्या दिनांकावरून मागे मोजत संसर्ग कोठून झाला असावा आणि रुग्ण कोणाच्या संपर्कात आला, हे शोधले जाते. त्यानंतर परिसरात घरोघर पाहणी करून लस राहिलेल्या मुलांना लस दिली जाते. देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाद्वारे गावपातळीपासून अशा नोंदी संकलित होतात. रुग्ण शोधणे आणि त्याच्याभोवतीच्या लोकांना लस देणे, याच मार्गाने १९७० च्या दशकात भारताने देवी रोगाचे उच्चाटन केले. मात्र न कळवलेला एक रुग्णही या साखळीचा दुवा अदृश्य करतो.

आपण काय करावे?
• गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिने आणि दुसरी मात्रा १६ ते २४ महिने या वयात द्यावी. शासकीय केंद्रांत ती विनामूल्य मिळते. मात्रा राहून गेली असल्यास आजच आरोग्य केंद्रात विचारणा करावी.
• ताप व पुरळ दिसताच आशा कार्यकर्ती, परिचारिका किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवावे.
• पुरळ उठल्यापासून ४ दिवस मुलास शाळेत, अंगणवाडीत अथवा समारंभात नेऊ नये.
• स्तनपान, पाणी व आहार चालू ठेवावा. वैद्यकीय सल्ल्याने जीवनसत्त्व ‘अ’ द्यावे.
• श्वास जलद होणे, झटके येणे, पाणीही न पिणे किंवा डोळ्यात पांढुरकेपणा दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

गोवर लपविल्याने घराचा मान राखला जात नाही. शेजारचे तान्हे बाळ मात्र धोक्यात येते. आपल्या बालकाचे लसीकरण कार्ड आजच तपासा.