मूत्रपिंडाचा विकार आणि मुखाचे आरोग्य

निरोगी मनुष्याची दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यांपैकी दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपाने बाहेर टाकला जातो आणि उरलेला सारा परत रक्तात शोषला जातो. हे कार्य बंद पडत चालले म्हणजे त्याची खूण मुखातही उमटते. अन्नास धातूसारखी चव येऊ लागते, आणि श्वासाचा उग्र दर्प घरच्या माणसांस जाणवतो.

हा दर्प अमोनियाचा होय. रक्तात साचलेला युरिया लाळेत उतरतो आणि मुखातील जीवाणू त्याचे विघटन करून अमोनिया तयार करतात. यात एक मौजेची गोष्ट आहे. दात किडतात ते जीवाणूंनी साखरेपासून बनविलेल्या आम्लामुळे. अमोनिया हा अल्कधर्मी असल्याने त्या आम्लाची धार बोथट करतो. त्यामुळे मूत्रपिंडे निकामी झालेल्या मुलांत किडलेले दात कित्येकदा कमीच आढळतात! परंतु त्याच अल्कधर्मी लाळेतून दातांवर कीटण मात्र भराभर चढते आणि हिरड्या सुजतात. तेव्हा दात किडले नाहीत, एवढ्यावरून मुख निरोगी आहे असे समजणे धोक्याचे आहे.

1943 साली हॉलंडमधील कांपेन या गावी विलेम कोल्फ या डॉक्टरांनी सेलोफेनच्या नळीचे कृत्रिम मूत्रपिंड रोग्यास लावले. 1960 साली सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी रक्तवाहिन्यांस कायमची टेफ्लॉनची नळी जोडण्याची युक्ती काढली, आणि तेव्हापासून हे रक्तशोधन, म्हणजेच डायलिसिस, वर्षानुवर्षे चालू ठेवता येऊ लागले. रोगी काही दिवसांचाच सोबती होता तोवर त्याच्या दातांची विचारपूस कोण करणार? आता ती करणे भाग आहे.

रक्तशोधन घेणाऱ्यास पाणी मोजून प्यावे लागते. तोंड सतत कोरडे पडते. लाळ कमी झाली की जीभ चरचरते, कवळी नीट बसत नाही, बुरशीचा संसर्गही होतो. बर्फाचा लहानसा खडा चघळल्याने, किंवा साखर नसलेल्या च्युइंगमने, थोडा आराम पडतो; मात्र तो बर्फही दिवसाच्या पाण्यात मोजावा लागतो. याखेरीज यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. त्याचा प्रभाव काही तास टिकत असल्यामुळे दात काढावयाचा तो रक्तशोधनाच्या दिवशी न काढता सामान्यतः दुसऱ्या दिवशी काढतात. दंतवैद्यास रोगाची कल्पनाच दिली नाही, तर त्याने ही तिथी कशी साधावी? वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच; साध्या दातदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेनसारख्या काही गोळ्या उरल्यासुरल्या मूत्रपिंडास अपाय करतात.

जबड्याचे हाडही यातून सुटत नाही. कॅल्शियम व फॉस्फरस यांचा तोल बिघडून ते विरळ होते, आणि क्ष-किरणचित्रात दाताच्या मुळाभोवतीची पांढरी रेषा पुसट दिसू लागते.

दुसरा उपाय मूत्रपिंडाच्या रोपणाचा. 1954 साली बॉस्टन येथे जुळ्या भावांत तो प्रथम यशस्वी झाला. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1971 साली असे रोपण झाले. परके मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून रोग्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवावी लागते. अशा वेळी दाताच्या मुळाशी दडलेले गळू जिवावर बेतू शकते. म्हणून रोपणापूर्वी दात तपासून घेतात, आणि संसर्ग आढळल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. मूत्रपिंड मिळण्याची वाट पाहण्यात ज्याचे दिवस गेले, त्यास एका दुर्लक्षित दाढेपायी आणखी थांबावे लागणे किती जड जात असेल!

या औषधांपैकी सायक्लोस्पोरिन हे नॉर्वेतील हार्डांगरविड्डा पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून मिळाले. त्याने असंख्य रोपणे तारली. पण काही रोग्यांच्या हिरड्या त्यामुळे वाढू लागतात. ही वाढ बहुधा पुढच्या दोन दातांमधील फटीतून सुरू होते आणि कधी कधी अर्धा दात झाकून टाकते. रक्तदाबावरील निफेडिपिनसारख्या गोळ्यांची जोड मिळाली तर ती अधिकच बळावते. दात स्वच्छ ठेवल्यास ती आटोक्यात राहते. मात्र घाबरून औषध परस्पर बंद करू नये, कारण त्याने रोपित मूत्रपिंडच गमावण्याचा संभव असतो. अलीकडे बहुतेक ठिकाणी टॅक्रोलिमस हे औषध वापरतात. त्याने हिरड्या क्वचितच वाढतात, आणि डॉक्टरांनी औषध असे बदलून दिल्यावर वाढलेल्या हिरड्या काही महिन्यांत पुष्कळशा ओसरल्याचेही आढळते.