अख्खी कादंबरी, मोजके शब्द

कॅलिफोर्नियाने १९८७ मध्ये भाषाशिक्षणाचा नवा आराखडा आणला आणि वाचनमालेतल्या तुकड्यांऐवजी मुलांच्या हाती अख्खी पुस्तके देण्यावर भर दिला. १९९४च्या राष्ट्रीय वाचनचाचणीत चौथीच्या निकालांत हे राज्य अगदी तळाशी दिसले आणि खापर साहित्यकेंद्री वाचनावर फुटले. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पद्धतशीरपणे शिकवायला हवी, हे पुराव्यानिशी मांडले. ते योग्यच होते. पण पाठोपाठ तिसरी ते आठवीच्या वार्षिक चाचण्या सक्तीच्या झाल्या आणि अनेक वर्गांत ‘उतारा वाचा, प्रश्न सोडवा’ एवढाच वाचनाचा तास उरला. दोन्ही वेळा एकाच गोष्टीचा विसर पडला. वाचन-संशोधक गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्येच सांगितले होते, की वाचनाचे आकलन म्हणजे लिपी उलगडण्याचे कौशल्य आणि भाषेची समज यांचा गुणाकार. एक घटक शून्य, तर उत्तरही शून्य. कादंबरी पहिल्या घटकाची जागा घेऊ शकत नाही. दुसऱ्यासाठी मात्र तिच्याइतके समर्थ साधन शाळेकडे नाही.

ई. बी. व्हाइट यांची १९५२ची ‘शार्लट्स वेब’ ही बालकादंबरी पाहा. विल्बर या डुकराच्या पिल्लाला वाचवण्यासाठी शार्लट कोळीण जाळ्यात शब्द विणते. टेंपलटन उंदीर साबणाच्या खोक्यावरून ‘रेडियंट’ हा शब्द आणतो. शार्लट तो लगेच विणत नाही. विल्बरला धावायला, उडी मारायला, कोलांटी घ्यायला लावते आणि शब्द त्याला शोभतो का हे पारखते. शेवटच्या ‘हंबल’ या शब्दाचे ती दोन अर्थ सांगते: गर्व नसलेला आणि जमिनीलगतचा. दोन्ही विल्बरला का लागू पडतात, हे पहिल्या प्रकरणापासून त्याच्यासोबत असलेल्या मुलालाच उमगते. अर्थासाठी पुरावा शोधणे म्हणजेच आकलन, आणि सुटा उतारा हा पुरावा देऊ शकत नाही.

आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. नुसत्या वाचनाने शब्द येत नाहीत: नेगी, हर्मन आणि अँडरसन यांच्या १९८५च्या अभ्यासात एका भेटीत नवा शब्द पक्का होण्याची शक्यता फारच कमी आढळली. म्हणूनच बेक, मॅककोन आणि कुकन यांनी २००२ मध्ये सुचवलेला मार्ग महत्त्वाचा ठरतो: अनेक विषयांत उपयोगी पडतील असे मोजके शब्द निवडायचे आणि मुलांच्या बोलण्या-लिहिण्यात ते पुन्हा पुन्हा आणायचे. कच्चे वाचक मागे पडतील, हा दुसरा आक्षेप. त्यांना लिपीचे धडे रोज वेगळे द्यावेत आणि कादंबरी शिक्षकांनी वाचून दाखवावी. वाचता येईपर्यंत विचार करायला थांबण्याचे कारण नाही. वेळ लागतो, हेही खरे. पण वर्षभर तुकडे सोडवून दीर्घ कथेचा धागा धरता न येणारे मूल घडवण्यापेक्षा, दोन कादंबऱ्या नीट वाचण्यात गेलेले आठवडे कितीतरी सत्कारणी लागतात.