समुद्र बशीत, मासे कपात

"मामा, आमचा समुद्र पळून गेला!"

फोनवर माझा भाचा होता. तो पाचवीत आहे आणि आईबाबांबरोबर अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, टँपा शहरात राहतो. घर अगदी खाडीकाठी. माझ्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, त्याच्याकडे सकाळचे आठ. जानेवारी महिना. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि चेहऱ्यावर खरीखुरी काळजी.

"दाखव बरं," मी म्हटलं. त्यानं फोन फिरवला आणि मीही बघतच राहिलो. धक्क्याचे खांब पार तळापर्यंत उघडे पडले होते. त्यांना चिकटलेली कालवं दिसत होती. शेजाऱ्यांची होडी चिखलात एका कुशीवर कलंडली होती. एरवी जिथे पाणी असतं तिथे लांबवर हिरवं-तपकिरी गवत पसरलं होतं, तेल लावून चापून बसवलेल्या केसांसारखं. त्यातून एक बगळा एकेक पाय उचलत निवांत चालला होता.

"काल रात्री उत्तरेकडून जोराचा वारा सुटला होता का रे?"

"हो! मामा, तुला कसं कळलं?"

मुलांनो, तुम्हालाही कळेल. परातीत बोटभर पाणी घ्या आणि एका कडेनं जोरात फुंकर मारा. पाणी पलीकडच्या कडेला सरकतं आणि तुमच्या बाजूचा तळ उघडा पडू लागतो. टँपाची खाडी म्हणजे अशीच एक भलीमोठी परात आहे. तिची सरासरी खोली जेमतेम साडेतीन मीटर, आणि काठालगत तर कितीतरी लांबवर पाणी फक्त गुडघाभर. शिवाय तिथली भरती-ओहोटीही लहान. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. टँपाला हा फरक साधारण मीटरभर, बऱ्याचदा त्याहूनही कमी. म्हणून आपला समुद्र चंद्राच्या तालावर चालतो, तर हिवाळ्यात टँपाची खाडी वाऱ्याचंही तेवढंच ऐकते. उत्तरेचा वारा सुटला की पाणी खाडीतून बाहेर ढकललं जातं. त्यातच गार पाणी आकसतं, त्यामुळे हिवाळ्यात तिथली समुद्राची पातळी मुळातच थोडी खाली असते. २०१७ साली इर्मा नावाचं चक्रीवादळ आलं, तेव्हा तर वाऱ्यानं ही खाडी अशी उपसली की लोक तिच्या तळावर फिरायला गेले होते!

"पण मग मासे कुठे गेले?" भाच्यानं विचारलं.

मला हाच प्रश्न हवा होता. मी म्हटलं, "तुझे आजोबा चहा कशातून पितात?"

"बशीतून. फुर्रर्र करून."

"का?"

"लवकर गार होतो म्हणून."

झालं, अर्धं उत्तर त्यानंच दिलं. चहा तोच. कपात असला तर बराच वेळ गरम राहतो, बशीत ओतला की लगेच निवतो. कारण बशीत तो पसरतो, हवेला भरपूर जागा मिळते आणि ऊब भराभर निघून जाते. खाडीचा गुडघाभर पाण्याचा पट्टा म्हणजे बशी. त्या पट्ट्यातले खळगे, खोल चरी आणि नद्यांची मुखं म्हणजे कप. एका थंड रात्रीत बशीतलं पाणी गारठतं, कपातलं मात्र जरा उबदार राहतं. माशांना हे बरोबर कळतं. पाणी गार व्हायला लागलं, उतरायला लागलं, की मासे बशी सोडून कपात जाऊन बसतात.

आता तुम्ही म्हणाल, फ्लोरिडा तर उबदार म्हणून प्रसिद्ध आहे, मग तिथे एवढी थंडी कशी? नकाशा काढा. टँपा साधारण २८ अंश अक्षांशावर आहे, आपल्या दिल्लीच्या जवळपास. पण आपल्या डोक्यावर हिमालय आडवा उभा आहे, तो उत्तरेची बर्फगार हवा अडवतो. अमेरिकेत कॅनडापासून फ्लोरिडापर्यंत असा आडवा डोंगर एकही नाही. तिकडून निघालेली थंड हवा सरळ घसरत खाली येते. आपण नकाशात हिमालय रंगवतो, पण तो पार मुंबईच्या गारठ्यालाही आवर घालतो हे मला स्वतःला फार उशिरा समजलं.

पुढच्या रविवारी भाचा शेजारच्या आजोबांबरोबर मासे पकडायला गेला. हे आजोबा हिवाळ्याची वाटच बघत असतात. छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवायची आणि पाण्यात चालत जायचं. पाऊल उचलून टाकायचं नाही, तळाला घासत पुढे न्यायचं. वाळूत पाकट लपलेलं असलं तर ते पायाखाली येण्याआधीच पळून जातं. पाकटाच्या शेपटीचा काटा किती वाईट, ते कोकणातल्या मुलांना सांगायला नको.

हिवाळ्यात तिथे पाणी नितळ असतं, अगदी काचेसारखं. त्या दिवसांत पाऊस कमी, म्हणून नद्या गाळ आणत नाहीत. गार पाण्यात हिरवे सूक्ष्मजीवही कमी वाढतात. आजोबांनी भाच्याला पाण्यावरची चमक कापणारा खास गॉगल दिला आणि म्हणाले, "आता तो फिकट गोल बघ."

गवताच्या मधोमध पांढऱ्या वाळूचा एक खळगा होता, आपल्या वर्गातल्या फळ्याएवढा. पहिल्यांदा भाच्याला काहीच दिसलं नाही. मग सावल्या दिसल्या. मग सावल्यांच्या वरचे मासे दिसले. सहा-सात असतील, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, आणि कल्ले तेवढे हळूच उघडत-मिटत होते. बाकी काही हालचाल नाही. "मामा, ते प्रार्थनेला उभे असल्यासारखे होते," तो मला म्हणाला.

एवढे सुस्त का? आपलं शरीर आतून शेगडी पेटवून ठेवतं. बाहेर कितीही गारठा असो, आत ३७ अंश. बहुतेक माशांकडे अशी शेगडी नसते. पाणी जेवढं गार, तेवढं त्यांचं अंग गार. पाणी दहा अंशांनी उतरलं की त्यांच्या शरीरातली कामं साधारण निम्म्या वेगानं चालतात. भूक कमी, धावपळ कमी. म्हणून आजोबांनी गळाला जिवंत कोळंबी लावली आणि ती खळग्याच्या पलीकडे टाकून अगदी मुंगीच्या चालीनं ओढत आणली. भराभर ओढली असती तर एकही मासा मागे लागला नसता. दुपारी ऊन चढलं, काळा चिखल तापला, की तेच मासे जरा तरतरीत होतात आणि पुन्हा बशीत चरायला येतात.

गळाला लागला तो रेड ड्रम. तांबूस अंग आणि शेपटीजवळ डोळ्यासारखा काळा ठिपका. फोनवर मला दाखवताना तो चक्क बोलला! गुर्र-गुर्र-गुर्र, कुणी दार ठोठावावं तसं. या माशाच्या पोटात हवेचा फुगा असतो. त्याच्या बाजूचे स्नायू थरथरवून नर मासा असा आवाज काढतो. म्हणून तर नाव ड्रम. आणि गंमत म्हणजे हा आपल्या घोळीचा आणि ढोमीचा भाऊबंद आहे, एकाच कुळातला. हा चाळीस वर्षांपर्यंत जगू शकतो. म्हणजे तो मासा कदाचित तुमच्या आईएवढा म्हातारा होईल!

आजोबांनी पट्टी लावली. फ्लोरिडात १८ इंचांहून लहान रेड ड्रम ठेवता येत नाही आणि २७ इंचांहून मोठाही नाही. लहानांना अजून वाढायचं असतं आणि मोठे पुढची पिल्लं देतात. हा छोटा निघाला. ओल्या हातानं धरून त्याला परत सोडलं. कोरड्या हातानं धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच थर रोगजंतूंना दूर ठेवतो.

नंतर त्याच खळग्यात एक स्नूक दिसला. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच काळी रेघ. तोंडवळा बघून मला रायगडच्या खाडीतला जिताडाच आठवला. ते दोघे दूरचे नातेवाईक आहेत. त्याला बघताच आजोबांनी गळ गुंडाळला.

"आजोबा, तो मोठा आहे! धरा ना!" भाचा ओरडला.

आजोबांनी मान हलवली. स्नूक हा उष्ण पाण्याचा मासा. पाणी १० अंशांच्या आसपास उतरलं की तो मरू लागतो. २०१० च्या जानेवारीत फ्लोरिडात जवळजवळ दोन आठवडे कडाक्याची थंडी पडली. स्नूक किनाऱ्याकिनाऱ्यानं मरून तरंगू लागले. साडेचार हजारांहून जास्त समुद्री कासवं गारठून लुळी पडली. लोकांनी ती उचलून उबेला नेली आणि त्यातली पुष्कळशी वाचली. सरकारनं स्नूक घरी नेण्यावर बंदी घातली, ती पश्चिम किनाऱ्यावर उठायला २०१३ उजाडलं. तिथे आजही डिसेंबर ते फेब्रुवारी स्नूक ठेवता येत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावर अशाच थंडीत निदान ३८ लाख मासे मेले.

आता कळलं ना आजोबा का थांबले? सगळे मासे एकाच कपात गोळा झालेले असतात. अंगात पळायची ताकद नसते आणि दुसरीकडे जायला जागाही नसते. अशा वेळी कुणीही नवखा माणूस दिवसभरात खळगा रिकामा करू शकतो. माझ्या मते आजोबांनी गळ टाकून दाखवला त्यापेक्षा गळ गुंडाळून दाखवला, तो खरा कोळ्याचा हात.

कपाची गरज एकट्या माशांनाच असते असं नाही. मॅनटी नावाचा गवत खाणारा, म्हशीएवढा सस्तन प्राणी तिथल्या समुद्रात राहतो. पाणी २० अंशांखाली गेलं की त्यालाही सोसत नाही. मग मॅनटी क्रिस्टल रिव्हरच्या झऱ्यांकडे जातात. तिथे जमिनीतून बारा महिने २२ अंशांचं पाणी येतं. टँपाजवळच्या वीज केंद्रातून जे कोमट पाणी बाहेर पडतं, तिथेही ते कळपानं येऊन पडून राहतात. भाच्यानं ते अजून बघितलेले नाहीत. पुढच्या थंडीत आजोबा त्याला नेणार आहेत.

तोवर एक काम तुमच्यासाठी. आईला विचारून एका कपात आणि एका बशीत सारखंच कोमट पाणी घ्या. दर दोन मिनिटांनी दोन्हींत बोट बुडवा, घरात थर्मामीटर असेल तर तो लावा, आणि दहा मिनिटांत कोण किती निवलं ते वहीत लिहा.