गाडी का तापते?

इंजिनात इंधन जळते तेव्हा सिलिंडरमधल्या वायूंचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. इंधनातल्या ऊर्जेपैकी जेमतेम एक तृतीयांश गाडी चालवण्याच्या कामी येते. जवळपास तेवढीच धुराबरोबर निघून जाते आणि उरलेल्यातली बरीचशी उष्णता इंजिनाच्या धातूत उतरते. ही उष्णता कूलंट वाहून नेते.

वॉटर पंप कूलंट इंजिनाभोवती फिरवतो. सुरुवातीला थर्मोस्टॅट बंद असल्याने ते आतल्या आतच फिरते आणि इंजिन लवकर तापावर येते. सुमारे ८५ अंशांना थर्मोस्टॅटमधले मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे वळते. तिथल्या बारीक नळ्यांमधून जाताना त्याची उष्णता हवेत जाते. झाकण प्रेशर कुकरसारखा दाब धरून ठेवते. त्यामुळे साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते.

बिघाड कुठे आहे, हे डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा केव्हा चढतो त्यावरून बरेचसे कळते. पेणहून रोह्याला निघालेली गाडी वडखळच्या कोंडीत तापली आणि रस्ता मोकळा होताच निवळली, तर संशय पंख्यावर घ्यावा. वेगात समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, पण थांबलेल्या गाडीची सारी भिस्त पंख्यावर असते. त्याचा फ्यूज, रिले किंवा मोटर गेलेली असू शकते. उलट, कोंडीत ठीक असलेली गाडी नागोठण्यापुढे भिसे खिंडीच्या चढाला तापली, तर कूलंट कमी असेल किंवा रेडिएटर चोंदलेला असेल. निघाल्यावर थोड्याच वेळात काटा लाल पट्ट्यात गेला, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला असू शकतो.

रेडिएटर चोंदण्याचे एक कारण म्हणजे वरून ओतलेले विहिरीचे किंवा बोअरचे पाणी. त्यातले क्षार नळ्यांत साचतात. खारेपाटासारख्या भागातल्या मचूळ पाण्याने धातू गंजतोही. कूलंटमध्ये पाणी मिसळायचे असेल तर ते डिस्टिल्डच असावे.

कूलंट पार गळून गेले तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खालीच राहू शकतो. तशीच गाडी दामटली की सिलिंडर हेड वाकते, गॅस्केट उडते. मग सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधाळ दिसते.

काटा वर गेला की एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. झाकण लगेच उघडू नये, कारण दाब सुटताच उकळते कूलंट अंगावर उडते. अर्धा-पाऊण तास थांबून, इंजिन निवल्यावरच पातळी पाहावी.